बुडबुडे थांबले, पण बिअर झाली का?

पत्र असं आहे : “बरेच दिवस मनात होतं, शेवटी घरी बिअर लावली. आमच्याकडे कायद्याची आडकाठी नाही, ते आधी पाहून घेतलं. तयार किट होतं. माल्टच्या, म्हणजे मोड आणलेल्या जवाच्या, पाकाचा १.७ किलोचा डबा, १ किलो डेक्स्ट्रोज साखर आणि पाणी, असं मिळून २० लिटर. त्याच दिवशी हौसेने सव्वा किलो मधाची ४ लिटर मीडही, म्हणजे मध आंबवून केलेली दारू, लावून टाकली. यीस्टचं पाकीट एकच होतं, ते दोघांत अर्धं अर्धं वाटलं. बिअरच्या झाकणावरच्या, वायू बाहेर सोडणाऱ्या एअरलॉकमधून तीन दिवस धडाधड बुडबुडे आले आणि पाचव्या दिवशी सगळं गप्प. आज नववा दिवस. मीड मात्र रडतखडत चालली आहे आणि तिला सडक्या अंड्यांचा वास येतोय. खोलीचं तापमान २७ अंश. बायको म्हणते, दोन्ही ओतून टाक. सासरे म्हणतात, असलं घरचं पिऊन माणसांचे डोळे जातात. बरोबर पाच आठवड्यांनी मित्र येणार आहेत, म्हणून या रविवारी दोन्ही बाटल्यांत भरावं म्हणतो. भरू ना? बाटल्या आणि मीडचा कॅन ठेवायला जागा नाही, सगळं पलंगाखाली आहे. ता. क. किटमध्ये एक काचेची फुगीर नळी निघाली, तिचं काय करायचं?”

खाली सही आहे, “उतावळा”.

उतावळेराव, नाव तुम्हीच घेतलंत म्हणून बरं, नाहीतर मला गुडघ्याच्या बाशिंगाची आठवण करून द्यावी लागली असती. रविवारी काहीही भरू नका. बिअर नाही आणि मीड तर मुळीच नाही. तुमचा सगळ्यात मोठा प्रश्न तुम्ही ताजा कलम म्हणून शेवटी टाकलाय, म्हणून मी तिथूनच सुरुवात करतो.

ती काचेची नळी म्हणजे हायड्रोमीटर. अख्ख्या किटमध्ये त्याहून मोलाची वस्तू नाही, आणि नवशिक्यांच्या घरात नेमकी तीच खोक्यात पडून राहते. त्याचं काम साधं आहे. पाण्यात साखर विरघळलेली असली की द्रव जड होतो आणि नळी वर तरंगते. यीस्टने साखर खाऊन अल्कोहोल केलं की द्रव हलका होतो आणि नळी खाली बुडत जाते. साध्या पाण्यात ती १.००० दाखवते, आणि इतर द्रव पाण्याच्या किती पट जड आहे ते तिच्या आकड्यावरून कळतं. तुमच्या बिअरचा आकडा पहिल्या दिवशी किती होता ते तुम्ही मोजलं नाहीत, पण किटचं वजन माहीत असल्यामुळे गणिताने काढता येतं. तो साधारण १.०४३ असणार. मीडची सुरुवात १.०९१ च्या आसपास. म्हणजे मधाच्या त्या छोट्या कॅनमध्ये लिटरमागे बिअरच्या दुपटीहून जास्त साखर आहे, आणि तिच्या वाट्याला आलं अर्धं पाकीट. वासाचं मूळही या मधातच आहे, पण त्याकडे नंतर येतो.

आज संध्याकाळी हे करा. नळी आणि उंच भांडं निर्जंतुक करून घ्या, बिअरचा नमुना काढा, तो दोन भांड्यांत वरखाली ओतून त्यातला वायू घालवा, मग नळी सोडून बोटांनी एक गिरकी द्या. गिरकी महत्त्वाची. नळीला बुडबुडे चिकटले तर ती वर उचलली जाते आणि आकडा खोटा येतो. डोळे पातळीला आणा आणि काचेजवळ वर चढलेली कड सोडून मधल्या सपाट भागाशी आकडा वाचा. बहुतेक नळ्या २० अंशांसाठी बनवलेल्या असतात. २७ अंशांना त्या दीड-दोन पॉइंट कमी दाखवतात, तेवढे मिळवा. (पॉइंट म्हणजे दशांशानंतरचा तिसरा आकडा. १.०१० म्हणजे दहा पॉइंट.) नमुना परत फर्मेंटरमध्ये, म्हणजे बिअर आंबतेय त्या भांड्यात, ओतू नका. चाखा. कोमट, गॅस नसलेली, थोडी गढूळ बिअर चाखणं हे या छंदातलं खरं शिक्षण आहे.

आकडा लिहून ठेवा. तीन दिवसांनी पुन्हा मोजा. दोन्ही वेळा तोच आला आणि तो तुमच्या किटला शोभेल असा, म्हणजे १.००६ ते १.०१२ च्या दरम्यान असला, तर बिअर झाली. १.०२० ला अडून बसली असेल तर झालेली नाही, एअरलॉक कितीही शांत असो. मुळात एअरलॉक म्हणजे वायू बाहेर जायची एक वाट. झाकण जरा सैल असलं की वायू तिथून निघून जातो आणि बुडबुडे दिसत नाहीत. उलट संपलेली बिअर दुपारी तापली की विरघळलेला वायू सुटतो आणि यीस्ट झोपलेलं असतानाही बुडबुडे येतात. मी पहिल्यांदा बुडबुडे मोजूनच बाटल्या भरल्या होत्या. मिनिटाला एक, मग दोन मिनिटांना एक, मग “आता काय उरलंय” म्हणून भरल्या. बाराव्या रात्री अडीच वाजता कपाटातून बंदुकीसारखा आवाज आला. दार उघडायचा धीर सकाळपर्यंत झाला नाही. उघडलं तेव्हा एका बाटलीचा तळ जागेवर होता, गळा वरच्या फळीला टेकलेला, आणि मधला भाग दाराच्या प्लायवुडमध्ये रुतलेल्या तुकड्यांच्या रूपात. एक तुकडा नखाएवढा, पक्कडीने ओढून काढावा लागला. त्या दारासमोर माझी चप्पल असायची.

यामागचं गणित सांगतो, म्हणजे भीती योग्य ठिकाणी बसेल. बाटलीत गॅस यावा म्हणून आपण भरताना लिटरमागे ६ ग्रॅमच्या आसपास साखर मुद्दाम घालतो. यीस्ट ती खातं, वायू कोंडला जातो, बिअर फसफसते. साधारण ४ ग्रॅम साखरेतून बिअरच्या आकारमानाएवढा वायू तयार होतो. आंबवतानाचा थोडा वायू बिअरमध्ये आधीच असतो, त्यामुळे एकूण सव्वादोन-अडीच पट होतो, आणि चांगल्या जाड बाटलीला तो पेलतो. आता न संपलेली बिअर भरली तर? उरलेल्या प्रत्येक पॉइंटमागे आणखी अर्धा पट वायू. चारच पॉइंट राहिले तर दोन पट वाढला, आठ राहिले तर चार पट. तुमच्या बिछान्याखाली अशा पन्नासेक बाटल्या आहेत अशी कल्पना करा, आणि मग रविवारचा कार्यक्रम पुन्हा ठरवा.

बिअर झाली तरी तिला आणखी काही दिवस तशीच सोडा, एकूण सोळा-सतरा दिवस होऊ द्या. कारण साखर संपल्यावरही यीस्ट रिकामं बसत नाही. धावपळीच्या दिवसांत त्यानेच मागे टाकलेला पसारा ते आवरतं. लोण्यासारखा वास देणारं डायअसिटिल आणि हिरव्या सफरचंदासारखं लागणारं असिटाल्डिहाइड ते परत शोषून घेतं. गाळावर राहिली तर बिअर नासेल, मेलेल्या यीस्टची चव उतरेल, असं कोणी सांगेल. दोन-तीन आठवड्यांत तसं काही होत नाही. झाकण उघडून बघायचं मात्र बंद करा. प्रत्येक वेळी आत हवा जाते, आणि शिळ्या पुठ्ठ्यासारखी चव ऑक्सिजनमुळेच येते.

२७ अंशांबद्दल मला काळजी आहे, कारण आंबवणं स्वतःच उष्णता सोडतं. खोली २७ असेल तर ऐन भरात फर्मेंटरच्या आत ३० किंवा वर गेलं असणार. अशा किटमध्ये सहसा मिळणाऱ्या एल जातीच्या यीस्टला १८ ते २२ मानवतं. गरमीत ते सुसाट सुटतं, तीन दिवसांत काम उरकतं आणि मागे केळ्यासारखा किंवा नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास ठेवतं. तुमचे “धडाधड” बुडबुडे म्हणजे बहुधा तेच. या खेपेला आता उपाय नाही. केळं मुरल्यावर थोडं सौम्य होतं, रिमूव्हरचा वास फारसा जात नाही. पुढच्या वेळी फर्मेंटर पाण्याच्या टबात ठेवा, त्याला जुना टी-शर्ट घाला, त्याची कड पाण्यात बुडू द्या आणि पंखा लावा. कापड पाणी ओढत राहतं, ते वाळताना चार-पाच अंश सहज उतरतात. पहिले तीन-चार दिवस सांभाळले की बाकीचं चालतं. नाहीतर नॉर्वेच्या शेतघरांतून आलेलं क्वाइक जातीचं यीस्ट घ्या. त्याला ३० ते ३५ अंशांतच मजा येते.

आता मीड आणि तो वास. तुमच्या पत्नीचं निदान पक्कं आहे, फक्त औषध चुकलं. सडक्या अंड्यांचा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड, आणि मीडमध्ये तो आला की यीस्ट उपाशी आहे असं समजायचं. साखरेला नव्हे, नायट्रोजनला. माल्टच्या पाकात यीस्टला लागणारं सगळं असतं. मधात साधारण ८० टक्के साखर, १७-१८ टक्के पाणी आणि बाकी जवळजवळ काहीच नाही. रोज नुसती मिठाई खाऊन काम करायला सांगितलं तर माणूसही कुरकुरेल. त्यात तुम्ही पाकीट अर्धं केलंत. बव्हेरियात १५१६ साली बिअरचा प्रसिद्ध नियम झाला, त्यात जव, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) आणि पाणी एवढ्यांचीच नावं होती. यीस्टचा उल्लेखच नव्हता, कारण ते काय आहे हेच कोणाला कळलेलं नव्हतं. पुढे पाश्चरने आंबण्यामागे हे जिवंत जीव आहेत हे दाखवून दिलं, आणि १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेनने बिअरचं एकच शुद्ध यीस्ट वेगळं करून वाढवलं. तुमच्या हातातलं पाकीट या सगळ्या खटाटोपाचं फळ आहे. त्यात काटकसर करू नये. २० लिटरला १०-११ ग्रॅम, मीडला वेगळं पाकीट. यीस्ट उरलं तर फेका, पण वाटून घालू नका.

मीडही आजच मोजा. १.०४५ च्या वर असेल, म्हणजे निम्मीसुद्धा साखर संपलेली नसेल, तर यीस्टला खाऊ द्या. ब्रूइंगसाठी मिळणारं यीस्ट न्यूट्रिअंट किंवा डायअमोनियम फॉस्फेट, लिटरला अर्धा ग्रॅम, म्हणजे तुमच्या ४ लिटरला २ ग्रॅम. याचं आद्याक्षरी नाव डीएपी, आणि शेतात टाकतात त्या खताचंही तेच. खताच्या गोणीतलं चिमूटभर घेऊन बघू, हा विचार मनातही आणू नका. ते खाण्यासाठी बनवलेलं नसतं. मीड १.०४५ च्या खाली उतरली असेल तर डीएपी नको. अल्कोहोल चढल्यावर यीस्ट ते नीट घेऊ शकत नाही आणि उरलेलं नको त्या जीवाणूंच्या कामी येतं. तेव्हा चमचाभर बेकरीचं यीस्ट थोड्या पाण्यात दहा मिनिटं उकळा, गार करा आणि ते घाला. मेलेलं यीस्ट हे जिवंत यीस्टचं उत्तम अन्न आहे. ऐकायला बरं वाटत नाही, पण चालतं. मूठभर मनुके टाकायचा सल्ला तुम्हाला कुठेतरी नक्की मिळेल. मनुक्यांनी चव येते, पण पोट भरेल एवढं नायट्रोजन त्यांत नसतं.

घालताना एक सांभाळा. कोरडी पूड थेट टाकायची नाही. मीडमध्ये वायू ठासून भरलेला असतो, आणि पुडीचा प्रत्येक कण त्याला सुटायला जागा देतो. क्षणात सगळं फेसाळून वर येतं, आणि चिकट मध छतावरून पुसायला शिडी लागते. आधी कॅन हळूहळू गोल फिरवा, थांबा, पुन्हा फिरवा. वायू निघून शांत झालं की पूड थोड्या पाण्यात विरघळवून घाला. फिरवताना वासही बराचसा बाहेर पडेल. खिडकी उघडी ठेवा आणि शक्यतो पत्नी घरात नसताना करा.

असं तीन-चार दिवस रोज एकदा केलंत की अंड्यांचा वास सहसा जातो. तो महिनोन्महिने तसाच राहू दिला तर त्यातून कांद्यासारखे, जळक्या रबरासारखे वास तयार होतात, आणि ते काढणं फार अवघड, म्हणून चालढकल नको. तांब्याची तार बुडवायचा एक जुना उपाय आहे. तांबं त्या वायूला पकडतं हे खरं, पण आंबट द्रवात किती तांबं उतरलं हे घरी मोजता येत नाही, म्हणून मी तो सुचवत नाही.

एवढं करूनही दोन आठवड्यांत आकडा हलला नाही, तर किटमधल्या यीस्टने हात टेकले असं धरा. मग वाइनचं दमदार यीस्ट आणा. लाल्व्हिनचं ईसी-१११८ हे १८ टक्के अल्कोहोलपर्यंत तग धरतं. कोमट पाण्यात ते जागं करा, त्यात अर्ध्या अर्ध्या तासाने थोडी थोडी मीड मिसळत त्याला सवय लावा आणि मग कॅनमध्ये ओता. थेट टाकलंत तर अल्कोहोलचा धक्का बसून निम्मं मरतं. पूर्ण आंबली तर तुमची मीड १२ टक्क्यांच्या आसपास जाईल, म्हणजे बिअरच्या अडीचपट. ती बिअरच्या मगात ओतून पाहुण्यांच्या हातात देऊ नका, आणि पिऊन कोणी गाडी चालवणार नाही हे आधीच ठरवा.

पाच आठवड्यांत मीड होणार नाही हे मात्र आताच स्वीकारा. कोवळी मीड घशाला चटका देते, मधाचा पत्ता नसतो, आणि पहिल्यांदा करणारा ती चाखून छंदच सोडतो. सहा महिन्यांनी तिचा राग उतरतो, वर्षाने मध परत येतो. बिअरचं मात्र जमतंय. आठवडाभराने बाटल्या भरा, तीन आठवडे खोलीच्याच तापमानाला राहू द्या, शेवटचे दोन-तीन दिवस फ्रिजमध्ये. मित्र येतील तेव्हा ती ऐन रंगात असेल. तळाचा गाळ वगळून १९ लिटर हाती येईल. ११५ ग्रॅम साखर कपभर पाण्यात उकळून, गार करून रिकाम्या स्वच्छ बादलीच्या तळाशी घाला आणि बिअर त्यावर नळीने आणा, खळखळ होऊ न देता. प्रत्येक बाटलीत चमच्याने साखर टाकत बसलात तर एखादीत दोनदा पडते. बाटल्या जाड, तपकिरी, बिअरच्याच हव्यात. पारदर्शक बाटलीत उजेड पडला की हॉप्समधल्या कडवट द्रव्यातून घाणेरडा वास सुटतो. वाइनच्या, चौकोनी किंवा बरण्यांच्या काचेत गॅसवाली बिअर कधीच भरू नका. एक बाटली सोड्याची प्लास्टिकची घ्या, तीत हीच बिअर भरा आणि रोज दाबून बघा. ती दगडासारखी कडक झाली की बाकीच्याही तयार आहेत, पोटातून फुगायला लागली तर सगळ्या तातडीने फ्रिजमध्ये. अशी वेळ आलीच तर चष्मा आणि जाड हातमोजे घालून, बाटलीवर टॉवेल टाकून हात लावा.

तुम्ही स्वच्छतेचं काहीच लिहिलं नाहीत, म्हणून थोडंसं सांगतो. आधी धुणं, मग निर्जंतुक करणं, ही दोन वेगळी कामं आहेत. घाणीवर निर्जंतुक करता येत नाही. भांड्यांच्या साबणाचा अंश राहिला तर बिअरचा फेस मरतो. ब्लीच नीट धुतलं गेलं नाही, किंवा नळाच्या पाण्यात क्लोरीन जास्त असलं, तर जखमेवरच्या पट्टीसारखा औषधी वास येतो. स्टार सॅनसारखं धुवावं न लागणारं आम्लाचं द्रावण या कामाला सोपं पडतं. पृष्ठभागावर पांढरा पातळ, सुरकुतलेला पापुद्रा दिसला तर बाहेरचे जीव शिरलेत, बहुधा आंबट होईल. हिरवी-काळी केसाळ बुरशी दिसली तर मात्र पत्नीचं ऐका आणि ओता.

सासऱ्यांना सांगा की त्यांची काळजी खरी आहे, पण ती दुसऱ्या गोष्टीची आहे. डोळे जातात ते मिथेनॉलने. ते तयार होतं मुख्यतः फळांतल्या पेक्टिनपासून, आणि माल्ट किंवा मधाच्या आंबवण्यात ते नगण्य असतं. माणसं दगावतात ती बहुतेक वेळा दारूत कोणीतरी औद्योगिक मिथेनॉल मिसळल्यामुळे. तुम्ही मात्र एक गोष्ट करायची नाही, ती म्हणजे हौसेने काही गाळायला घेणं. बहुतेक ठिकाणी तो गुन्हा आहे, आणि बंद खोलीत अल्कोहोलची वाफ आणि शेगडी एकत्र आली की पुढचं सांगायला नको.

आणि पत्नीशी एक तह करा. पलंगाखाली तुम्ही त्यांना विचारून ठेवलं असेल असं मला पत्रावरून वाटत नाही. मीडचा कॅन आजच काढा. त्याला सारखं तापमान, अंधार आणि कमी वर्दळीचा कोपरा हवा, तो कोणता हे त्यांनाच ठरवू द्या. बाटल्या झाकणाच्या प्लास्टिकच्या खोक्यात, जमिनीवर, माणसं झोपतात तिथून लांब. आणि तीन दिवसांनी दुसऱ्यांदा मोजताना नळी त्यांच्या हातात द्या. ज्या नाकाने लांबून सल्फाइड ओळखलं, ते बिअर चाखायला तुमच्या नाकापेक्षा जास्त उपयोगी पडेल. दोन्ही आकडे मला कळवा, मीडचा आधी.